मोटारीसाठी किफायतशीर उपग्रह-मार्गदर्शन प्रणालीची निवड : नकाशाच्या व्याप्तीचा निकष

सारांश

मोटारीत वापरावयाची मार्गदर्शन प्रणाली निवडताना ग्राहकाचे लक्ष सामान्यतः यंत्राची किंमत, पडद्याचा आकार आणि जाहिरातीत नमूद केलेली उपग्रहांची संख्या यांकडे जाते. वस्तुतः उपग्रहांचे संकेत सर्वांना विनामूल्य मिळतात. दोन प्रणालींमधील खरा फरक त्यांच्या नकाशात असतो. प्रस्तुत लेखात उपग्रह आणि नकाशा यांच्या कार्याची फोड करून, नकाशाची व्याप्ती कशी तपासावी, उपलब्ध पर्यायांचा एकूण खर्च कसा मोजावा आणि ग्रामीण महाराष्ट्रातील रस्त्यांसाठी कोणता पर्याय श्रेयस्कर ठरतो, याचा ऊहापोह केला आहे.

बीजशब्द : उपग्रह-मार्गदर्शन, जीपीएस, नाविक, अंकीय नकाशा, नकाशाची व्याप्ती, रस्ता सुरक्षितता.

प्रास्ताविक

बहिःस्थ परीक्षक म्हणून नियुक्ती, परीक्षा काळातील भरारी पथक, राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर, भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांची क्षेत्रभेट अशा अनेक कारणांनी प्राध्यापकांना अपरिचित गावी जावे लागते. पूर्वी अशा वेळी एस.टी. स्थानकावर किंवा चहाच्या टपरीवर चौकशी केली जात असे. आता बहुतेक वाहनचालक पडद्यावरील नकाशावर विसंबतात. ही सोय निर्विवाद आहे. परंतु तिच्या मर्यादा ज्ञात नसतील तर ती घातकही ठरते.

जानेवारी २०२१ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी नकाशाने सुचविलेल्या रस्त्याने गेली. त्या रस्त्यावरील पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. मोटार पाण्यात शिरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरील तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तेथेही चालक नकाशाच्या आधारे जात असल्याचे वृत्त होते. अशा अपघातांत मोटार कोठे आहे हे यंत्राला अचूक माहीत असू शकते. पुढचा रस्ता वापरण्याजोगा आहे की नाही, हे मात्र त्याला माहीत नसते. पहिली माहिती उपग्रह देतात, दुसरी नकाशा देतो. प्रणालीची निवड करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

१. उपग्रह काय देतात?

अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. किमान २४ उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत राहतात. प्रत्येक उपग्रह आपले स्थान आणि अचूक वेळ यांचे संकेत सतत प्रक्षेपित करतो. संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून ग्राहक यंत्र उपग्रहापासूनचे अंतर काढते. येथे वेळेच्या मापनात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. यंत्रातील साधे घड्याळ इतके अचूक नसल्यामुळे त्याची चूक दुरुस्त करण्यासाठी चौथ्या उपग्रहाची गरज भासते. म्हणूनच अक्षांश, रेखांश व उंची निश्चित करण्यास किमान चार उपग्रह दृष्टिपथात असावे लागतात.

मे २००० पर्यंत अमेरिकी शासन नागरी वापराच्या संकेतांत हेतुपुरस्सर त्रुटी मिसळत असे. ती बंद झाल्यावर मोटारीसाठी ही प्रणाली खऱ्या अर्थाने उपयुक्त ठरली. आज मोकळ्या आकाशाखाली सर्वसाधारण स्मार्टफोनही सुमारे पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात आपले स्थान दाखवतो. जीपीएसखेरीज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेईदोऊ या जागतिक प्रणाली उपलब्ध आहेत. भारताच्या प्रादेशिक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला आणि २०१६ मध्ये तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकचे संकेत सामान्य भ्रमणध्वनींना सोयीच्या असलेल्या एल-१ कंप्रतेवरही प्रक्षेपित होऊ लागले. मात्र या मालिकेतील काही जुन्या उपग्रहांवरील आण्विक घड्याळे निकामी झाली आहेत.

ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, अनेक प्रणालींचे संकेत घेणारे यंत्र उंच इमारतींच्या गल्लीत किंवा घाटाच्या कड्यालगत अधिक स्थिर स्थान दाखवते. परंतु ही क्षमता आता साध्या स्मार्टफोनमध्येही आढळते. केवळ उपग्रह-प्रणालींची नावे वाचून अधिक किंमत मोजण्याचे कारण उरलेले नाही.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. उपग्रहांचे संकेत घेण्यासाठी इंटरनेट लागत नाही. घाटात भ्रमणध्वनीचे जाळे नसले तरी स्थान कळते. अदृश्य होतो तो नकाशा, कारण अनेक ॲपमध्ये तो वाटेत तुकड्यातुकड्याने उतरवून घेतला जातो. जाळे असताना उपग्रहांच्या कक्षांची माहिती इंटरनेटवरून तत्काळ मिळते आणि स्थाननिश्चिती जलद होते, एवढाच जाळ्याचा या बाबतीत उपयोग असतो. ही माहिती उपग्रहाकडून थेट घ्यावयाची झाल्यास साधारण अर्धा मिनिट लागते. दीर्घकाळ बंद असलेल्या यंत्राला मात्र सर्व उपग्रहांची संपूर्ण यादी मिळण्यास साडेबारा मिनिटेही लागू शकतात.

२. नकाशाची व्याप्ती म्हणजे काय?

‘देशभरातील इतके लाख किलोमीटर रस्ते’ असा दावा जाहिरातींतून केला जातो. रस्त्यांची लांबी हे व्याप्तीचे एक अंग झाले. मार्गदर्शनासाठी उपयुक्त असलेल्या नकाशाची व्याप्ती पुढील पाच स्तरांवर तपासावी लागते.

(अ) रेषा : रस्ता नकाशावर आहे काय आणि तो योग्य जागी आहे काय?

(आ) जोडणी : दोन रेषा एकमेकींना छेदतात म्हणून तेथे वळता येतेच असे नाही. उड्डाणपुलाची रेषा खालच्या रस्त्यास छेदते. परंतु पुलावरून खाली उतरता येत नाही. संगणक रस्त्यांचे जाळे बिंदू व कडा यांच्या आलेखाच्या रूपाने हाताळतो. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली लघुतम मार्ग शोधण्याची रीत आणि तिच्या सुधारित आवृत्त्या यांचा वापर मार्गनिश्चितीत होतो. आलेखातील एक जोडणी चुकीची असेल, तर गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते.

(इ) गुणधर्म : रस्ता एकेरी आहे काय, डांबरी की कच्चा, किती रुंद, अवजड वाहनांस खुला आहे काय, या माहितीअभावी प्रणाली दहा मिनिटे वाचविण्यासाठी चालकास बैलगाडीच्या वाटेवर नेऊ शकते.

(ई) स्थळनामे : महाराष्ट्रात एकाच नावाची अनेक गावे आहेत. बुद्रुक आणि खुर्द ही जोडगावे, तसेच वडगाव, पिंपळगाव यांसारखी वारंवार आढळणारी नावे यांमुळे शोध घेताना घोटाळा होतो. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही नावे अधिकृत झाली. त्यापुढील वर्षी अहिल्यानगर हे नाव आले. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि मुंबई-गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला. जुने व नवे अशी दोन्ही नावे स्वीकारणारी प्रणाली आपल्याकडे अधिक उपयोगी ठरते.

(उ) कालमान : नकाशा कोणत्या तारखेचा आहे? हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अंतिम टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यापूर्वीचा नकाशा असलेले यंत्र इगतपुरीहून मुंबईकडे येणाऱ्या चालकास कसारा घाटातूनच नेणार, हे उघड आहे.

या पाचही स्तरांवर दोन प्रकारच्या चुका संभवतात. अस्तित्वात असलेला रस्ता नकाशात नसणे ही पहिली आणि अस्तित्वात नसलेला किंवा वापरास अयोग्य असा रस्ता नकाशात असणे ही दुसरी. पहिल्या चुकीमुळे वेळ व इंधन वाया जाते. दुसऱ्या चुकीमुळे जीव जाऊ शकतो. प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या दोन्ही घटना दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यामुळे अधिक रेषांचा नकाशा हा आपोआप अधिक चांगला ठरत नाही. शहानिशा न करता काढलेल्या रेषा किलोमीटरचा आकडा वाढवितात आणि धोकाही वाढवितात.

३. भारतातील नकाशांची पार्श्वभूमी

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. तथापि सुरक्षेच्या कारणास्तव तपशीलवार नकाशांच्या वापरावर दीर्घकाळ निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि नागरी वापरासाठी दुसरी अशा दोन मालिका निश्चित केल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने भारतीय कंपन्यांना भूस्थानिक माहिती गोळा करण्यास पूर्वपरवानगीची अट काढून टाकली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले.

मोटारीसाठीचे नकाशे मात्र प्रामुख्याने तीन मार्गांनी तयार झाले. पहिला मार्ग व्यावसायिक सर्वेक्षणाचा. १९९५ मध्ये स्थापन झालेली मॅपमायइंडिया ही कंपनी याचे ठळक उदाहरण असून तिचे ‘मॅपल्स’ हे ॲप उपलब्ध आहे. दुसरा मार्ग उपग्रहचित्रे आणि वापरकर्त्यांच्या फोनवरून मिळणारी माहिती यांच्या संयोगाचा. २००५ मध्ये सुरू झालेला गूगल मॅप्स या मार्गाने विस्तारला. वाहतुकीच्या कोंडीची माहिती देण्यात या पद्धतीची सरशी होते, कारण रस्त्यावरील असंख्य फोन तिचे निरीक्षक असतात. तिसरा मार्ग स्वयंसेवकांचा. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप प्रकल्पात कोणीही नोंदणी करून नकाशात भर घालू शकतो. ऑसमअँड, ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप याच माहितीवर चालतात.

या तिन्ही मार्गांत शहरांचे चित्रण दाट होते, कारण तेथे ग्राहक, फोन व स्वयंसेवक अधिक असतात. वाड्या-वस्त्या आणि दुर्गम पाडे यांच्या बाबतीत कोणता नकाशा सरस, हे तालुक्यागणिक बदलते. एखाद्या तालुक्यात एकाच उत्साही स्वयंसेवकाने विनामूल्य नकाशा सर्वांत तपशीलवार करून ठेवलेला असू शकतो. शेजारच्या तालुक्यात तोच नकाशा जवळजवळ कोरा असू शकतो. म्हणून ‘सर्वोत्तम नकाशा कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ‘माझ्या नेहमीच्या प्रवासक्षेत्रासाठी सर्वोत्तम कोणता’ असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळते.

४. उपलब्ध पर्याय आणि त्यांचा खर्च

(अ) स्वतंत्र मार्गदर्शक यंत्र : २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात काचेवर चिकटविण्याची अशी यंत्रे लोकप्रिय झाली. त्यांत नकाशा साठविलेला असल्याने इंटरनेट लागत नाही आणि उन्हातही पडदा स्पष्ट दिसतो. परंतु नकाशाचे अद्ययावतीकरण सशुल्क असेल तर सुरुवातीस स्वस्त वाटणारे यंत्र पुढे महाग पडते. जुने यंत्र विकत घेणाऱ्यांनी आणखी एक बाब तपासावी. जीपीएसच्या संकेतात आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंतच होते व पुन्हा शून्यापासून सुरू होते. एप्रिल २०१९ मध्ये असा फेरा पूर्ण झाला तेव्हा अद्ययावत न केलेली काही जुनी यंत्रे चुकीची तारीख दाखवू लागली. पुढील फेरा नोव्हेंबर २०३८ मध्ये पूर्ण होईल.

(आ) मोटारीत कारखान्यातच बसविलेली प्रणाली : ही चाकांच्या फेऱ्या व दिशादर्शक संवेदकांची माहिती घेऊ शकत असल्यास बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले तरी स्थान दाखवीत राहते. मात्र ही सोय बहुधा मोटारीच्या महागड्या आवृत्तीतच मिळते. शिवाय मोटार दहा-पंधरा वर्षे टिकते. नकाशाची मोफत सेवा त्यामानाने अल्पकाळ असते. ही मुदत विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.

(इ) फोनला जोडणारा पडदा : अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले यांची सोय असलेल्या पडद्यावर फोनमधील नकाशाच दिसतो. येथे पडद्याची किंमत मोजली जाते. नकाशाची गुणवत्ता फोनमधील ॲपवर अवलंबून राहते.

(ई) फोन आणि मजबूत धारक : हा सर्वांत अल्प खर्चाचा पर्याय होय. फोन आधीच जवळ असतो. धारक आणि मोटारीतील चार्जर एवढाच नवा खर्च येतो. पूर्वी उतरवून ठेवलेला नकाशा वापरल्यास जाळे नसलेल्या भागातही अडत नाही. गूगल मॅप्समध्ये निवडलेला भूभाग, तर ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये संपूर्ण राज्य साठविता येते. साठविलेला नकाशा नियमितपणे अद्ययावत करावा लागतो आणि त्यावर कोंडीची ताजी माहिती मिळत नाही, या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. कडक उन्हात काचेलगत ठेवलेला फोन तापून बंद पडू शकतो. म्हणून धारक वातानुकूलकाच्या झडपेजवळ लावणे सोयीचे.

खर्चाची तुलना खरेदीच्या किमतीवर न करता पाच वर्षांच्या एकूण खर्चावर करावी. त्यात यंत्र, जोडसाहित्य, पाच वर्षांचे नकाशा-शुल्क आणि इंटरनेटचा वाढीव खर्च ही चार कलमे धरावीत. या हिशेबात फोनचा पर्याय बहुतेकांना किफायतशीर ठरेल. फोन हाताळणे अवघड वाटणारे ज्येष्ठ चालक आणि सतत जाळ्याबाहेर प्रवास करणारे यांच्यासाठी स्वतंत्र यंत्राचा विचार करता येतो. अट एवढीच की त्याचे नकाशे विनामूल्य अद्ययावत होत असावेत.

५. निवडीपूर्वीची चाचणी

नकाशाची व्याप्ती घरबसल्या, एका संध्याकाळी तपासता येते. आपल्याला प्रत्यक्ष परिचित असलेली दहा ठिकाणे निवडावीत. त्यांत एखाद्या वाडीतील जिल्हा परिषद शाळा, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, आडबाजूचा पेट्रोल पंप, महाविद्यालयाचे मागील प्रवेशद्वार आणि अलीकडे खुला झालेला एक रस्ता यांचा समावेश असावा. प्रत्येक ठिकाणासाठी चार प्रश्न विचारावेत : देवनागरी व रोमन या दोन्ही लिपींत नाव शोधल्यावर ते सापडते काय? दाखविलेला बिंदू योग्य जागी आहे काय? शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा मार्ग बरोबर आहे काय? इंटरनेट बंद केल्यावरही मार्ग मिळतो काय? प्रत्येक होकारास एक गुण दिल्यास एकूण गुण चाळीस होतात. एकाच दहा ठिकाणांवर तीन-चार ॲपची परीक्षा घेतली की तुलना स्पष्ट होते.

यानंतर दुसरी चाचणी घ्यावी. तीत गुण नाहीत, केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल आहे. आपल्या परिसरातील तीन धोकादायक जागा निवडाव्यात : पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा फरशी पूल, वापरातून गेलेला जुना रस्ता आणि पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद ठेवला जाणारा घाट, उदाहरणार्थ भोर-महाड मार्गावरील वरंधा घाट. या जागांवरून मार्ग मागितल्यावर प्रणाली काही सूचना देते की मुकाट्याने मार्ग आखते, हे पाहावे. चाळीसपैकी अडतीस गुण मिळविणारी प्रणाली या चाचणीत अनुत्तीर्ण झाली, तर पावसाळ्यात व रात्री तिच्यावर एकट्याने विसंबू नये. दोन भिन्न स्रोतांचे नकाशे फोनमध्ये ठेवून, दोघांच्या मार्गांत तफावत आढळल्यास स्थानिक चौकशी करणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय. त्याला अतिरिक्त खर्च येत नाही.

६. वापरातील दक्षता

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२० पासून वाहन चालविताना हातातील संपर्कसाधनाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. म्हणून गंतव्यस्थान निघण्यापूर्वी नोंदवावे, फोन धारकात ठेवावा आणि ध्वनिसूचना चालू ठेवाव्यात. मराठीतून सूचना देणारी प्रणाली असल्यास पडद्याकडे पाहण्याची गरज आणखी कमी होते.

विद्यार्थ्यांची सहल किंवा शिबिर नेताना ही दक्षता अधिक काटेकोरपणे पाळावी लागेल. मार्ग आदल्या दिवशी यजमान गावातील व्यक्तीस वाचून दाखवावा. रस्त्यावर पाणी, खचलेला भाग किंवा अपुरे बांधकाम दिसल्यास यंत्राची सूचना काहीही असो, वाहन थांबवावे. यंत्र ‘सरळ जा’ म्हणते ते त्याच्या नकाशात रेषा आहे म्हणून. समोर पाणी आहे हे त्याला दिसत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. उपग्रहांचे संकेत ही सर्वांची सामाईक व विनामूल्य संपत्ती असल्याने त्यांच्या आधारे प्रणालींत निवड करण्यास फारसा वाव नाही. निवड नकाशाच्या आधारे करावी आणि नकाशाची परीक्षा जाहिरातीतील किलोमीटरवर न घेता आपल्या परिचित रस्त्यांवर घ्यावी. बहुसंख्य प्राध्यापकांसाठी विद्यमान फोन, मजबूत धारक आणि भिन्न स्रोतांचे दोन साठविलेले नकाशे ही रचना पुरेशी व किफायतशीर आहे. नसलेला रस्ता दाखविणारी चूक ही रस्ता न दाखविणाऱ्या चुकीपेक्षा गंभीर मानावी.

शेवटी, नकाशातील त्रुटी दूर करणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. बहुतेक ॲपमध्ये चूक कळविण्याची सोय असते आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ती स्वतः दुरुस्तही करता येते. भूगोल विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आपल्या तालुक्यातील फरशी पूल, बंद रस्ते आणि वाड्यांची नावे तपासून नोंदविली, तर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा अनुभव मिळेल आणि त्या रस्त्याने रात्री येणाऱ्या अनोळखी चालकाला वेळीच सावध करणारी नोंद नकाशावर असेल.